झेडएक्स स्पेक्ट्रमची मेमरी वाढवताना: १६ केवरून ४८ केकडे

एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर रिसर्च या ब्रिटिश कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आणला, तो दोन रूपांत: १६ के (म्हणजे किलोबाइट मेमरी) १२५ पौंडांना आणि ४८ के १७५ पौंडांना. बाहेरून दोन्ही अगदी सारखे, तेच रबरी कीबोर्ड, तेच इंद्रधनुषी पट्टे. वरचे पन्नास पौंड काही थोडेथोडके नव्हते, त्यामुळे बऱ्याच घरांत 'आत्ता १६ घेऊ, मेमरी नंतर वाढवू' असं ठरलं आणि ते 'नंतर' कधी उजाडलंच नाही. आज इंग्लंडमधल्या नातेवाइकांच्या माळ्यावरून किंवा ऑनलाइन लिलावातून जे स्पेक्ट्रम हाती येतात, त्यांत असे अडलेले १६ के अजूनही असतात. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवान्यावर 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' आणला होता. तुमच्याकडे तो असेल तर तो मुळातच ४८ के आहे, तुम्हाला खालचा फक्त तपासणीचा आणि दुरुस्तीचा भाग उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. १६ चे ४८ करणं हे जवळजवळ प्रत्येकाने करण्यासारखं काम आहे. त्यापुढे १२८ चा हट्ट धरणं म्हणजे मेमरी वाढवणं नव्हे, मशीनच बदलणं आहे. त्याबद्दल शेवटी.

मशीनलाच विचारा

विक्रेता काय म्हणतो किंवा खालच्या लेबलवर काय लिहिलंय यावर जाऊ नका. मशीन चालू करा, 'सिंक्लेअर रिसर्च १९८२' ही ओळ आली की पुढचं टाइप करा (पडद्यावर अर्थातच इंग्रजीत दिसेल):

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

नवख्यांची गाडी इथेच अडते, कारण स्पेक्ट्रमवर शब्द अक्षरं जुळवून टाइप होत नाहीत. 'पी' कळ दाबली की पूर्ण 'प्रिंट' उमटतो. 'पीक' (मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावरचा आकडा वाचायची आज्ञा) साठी कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकदम दाबून सोडा, कर्सरमध्ये 'ई' दिसेल, मग 'ओ' दाबा. बेरजेचं चिन्ह सिम्बॉल शिफ्ट धरून 'के' वर, गुणाकाराचं 'बी' वर. शेवटी एंटर.

उत्तर ६५५३५ आलं तर मशीन ४८ के आहे आणि निदान वरवर तरी धडधाकट आहे. ३२७६७ आलं तर एकतर तो खरा १६ के आहे, नाहीतर वरची मेमरी मेलेला ४८ के. या दोन्हींच्या मधला एखादा विचित्र आकडा आला, तर मशीन ४८ के आहे आणि मेमरी त्या पत्त्यापाशी बिघडली आहे. कारण असं की, चालू होताना रॉम (मशीनचा कायमचा प्रोग्राम असलेली चिप) १६३८४ या पत्त्यापासून वर एकेक जागा तपासत जातो आणि पहिली नापास जागा सापडली की तिथेच थांबून 'माझी मेमरी इथपर्यंत' असं लिहून ठेवतो. म्हणून वरच्या चिप गेल्या तरी मशीन मुकाट्याने १६ के बनून चालत राहतं. 'चालू स्थितीतला १६ के' म्हणून विकला जाणारा स्पेक्ट्रम कधीकधी आजारी ४८ के निघतो तो असा. खरेदीआधी हा आकडा पडद्यावर दाखवणारा फोटो मागायला लाजू नका.

३२ के वाढल्याने नेमकं काय होतं

स्पेक्ट्रमच्या पत्त्यांपैकी पहिले १६ के रॉमचे. १६३८४ ते ३२७६७ ही खालची मेमरी, आणि तिच्यातले ६९१२ बाइट पडदाच खाऊन टाकतो. मशीनची स्वतःची टिपणं वगळली की १६ के वाल्याच्या बेसिक (मशीनची अंगभूत प्रोग्रामिंग भाषा) प्रोग्रामला जेमतेम ९ के उरतात. ४८ के मध्ये हाच आकडा ४१ केच्या आसपास जातो, म्हणजे चौपटीहून जास्त.

दुसरा फायदा सहसा कोणी सांगत नाही. खालच्या १६ के मेमरीवर यूएलए या चिपचाही हक्क असतो, कारण पडदा रंगवायची माहिती ती तिथूनच उचलते. ती वाचत असताना झेड८० प्रोसेसरला ताटकळत थांबावं लागतं. वरची ३२ के मात्र पूर्णपणे प्रोसेसरची. त्यामुळे मशीन कोड (थेट प्रोसेसरच्या भाषेतला प्रोग्राम) वरच्या मेमरीत ठेवला की तो खालच्यापेक्षा वेगाने धावतो. तुम्ही स्वतः असेंब्लीत काही लिहिणार असाल तर एवढ्या एका कारणासाठीही हे काम करण्यासारखं आहे.

खेळांचं म्हणाल, तर जेटपॅकसारखे १९८३ च्या आसपासचे काही चांगले खेळ १६ के मध्ये मावतात. पण मॅनिक मायनरला ४८ लागतात आणि त्यानंतरच्या बहुतेक सगळ्यांनाच लागतात.

आधी वीज, मग मेमरी

मेमरीवर पैसे घालण्याआधी अडॅप्टर बघा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, मूळ अडॅप्टर १.४ अँपिअरचा होता, आणि प्लगच्या मधल्या खुंटीवर ऋण टोक असतं. घरात पडलेल्या राउटरच्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरचा प्लग छान बसतो, पण त्याचं मधलं टोक बहुधा धन असतं. तो लावलात तर मशीनच जळून मेमरीचा प्रश्न कायमचा मिटेल. मूळ ब्रिटिश अडॅप्टर आपल्याकडच्या विजेवर चालतो, फक्त पिनांसाठी कन्व्हर्टर लागतो. पण चाळीस वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरवर विसंबण्यापेक्षा चांगला नवा अडॅप्टर घेऊन टोकं मीटरने तपासलेली बरी.

आता झाकण उघडा. रबरी कळांच्या मॉडेलला तळाशी पाच स्क्रू असतात. झाकण झटक्याने उचलू नका. कीबोर्डच्या दोन पातळ प्लॅस्टिक पट्ट्या बोर्डवरच्या खाचेत घुसलेल्या असतात आणि इतक्या वर्षांत त्या पापडासारख्या कडक झालेल्या असतात. झाकण चार बोटं उचलून पट्ट्या एकेक करून सरळ वर ओढा, वाकवू नका. तरी एखादी तुटलीच तर नवा मेम्ब्रेन (कळांखालचा पट्ट्यांसकटचा पातळ थर) मिळतो, घाबरायचं कारण नाही. सुरुवातीलाच एक मागवून ठेवला तर उत्तम.

खालच्या मेमरीच्या आठ चिप, आयसी ६ ते आयसी १३ (हे बोर्डवर छापलेले चिपच्या जागांचे क्रमांक), ४११६ प्रकारच्या असतात. या जुन्या चिपना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. मीटरचं काळं टोक कुठल्याही एका ४११६ च्या १६ नंबरच्या पायाला लावा आणि लाल टोकाने मोजा: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर अधिक १२, पाय ९ वर अधिक ५ व्होल्ट यायला हवेत. उणे ५ आणि १२ हे बोर्डवरच्याच एका छोट्या सर्किटमधून, एका कॉइलमधून आणि टीआर४ या ट्रान्झिस्टरमधून, तयार होतात आणि स्पेक्ट्रममध्ये जळणारा हमखास भाग हाच. उणे ५ गायब असेल तर मशीन लगेच बंद करा, कारण त्या व्होल्टेजशिवाय ४११६ तापून मरतात. पडद्यावर उभे पट्टे किंवा नुसताच काळा पडदा दिसत असेल, तर आजार याच भागात शोधायचा. वरची मेमरी कितीही नवी घातली तरी त्याने फरक पडणार नाही.

खालच्या चिप गेल्याच असतील, तर जुन्या ४११६ शोधत बसू नका. फक्त ५ व्होल्टवर चालणारे नवे बदली मॉड्यूल मिळतात. ४१६४ चिप दिसायला हुबेहूब तशीच म्हणून ४११६ च्या जागी सरळ खोचू नका. ४१६४ ला आठव्या पायावर ५ व्होल्ट हवे असतात आणि तुमचा बोर्ड तिथे १२ देतो.

वरच्या ३२ केसाठी काय घ्यावं

बोर्डवर आयसी १५ ते २२ या आठ जागा आणि शेजारच्या २३ ते २६ या चार जागा रिकाम्या असतील तर तुमचा १६ के खरा. त्या जागी बहुधा सॉकेट असतात, म्हणजे सोल्डरिंग न करता काम होतं. बोर्डवर 'इश्यू टू' किंवा 'इश्यू थ्री' (म्हणजे बोर्डची आवृत्ती) असं छापलेलं असतं, ते टिपून ठेवा, कारण सुटे भाग विकणारे पहिला प्रश्न तोच विचारतात. इश्यू वन निघाला तर थांबा. त्यात वरची मेमरी वेगळ्या छोट्या बोर्डवर बसायची, आणि असे बोर्ड आता संग्राहकांच्या किमतीचे आहेत. त्यावर सोल्डरिंग शिकू नये.

मूळ पद्धत म्हणजे ४५३२ प्रकारच्या आठ चिप. यामागची गोष्ट सिंक्लेअरच्या काटकसरीला शोभणारी आहे. या प्रत्यक्षात ६४ के बिटच्या चिप, पण कारखान्यात ज्यांचा अर्धा भाग नापास झाला त्या. चांगला अर्धा वापरायचा, वाईट अर्ध्याकडे बघायचंच नाही, आणि भाव अर्थातच कमी. कुठला अर्धा चांगला हे चिपच्या नावाच्या शेपटीवरून कळतं: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवर ३ किंवा ४, ओकीच्या ३७३२ वर एच किंवा एल. आठही चिप एकाच कंपनीच्या आणि एकाच अर्ध्याच्या लागतात. बोर्डवर 'टीआय', 'ओकेआय', '३', '४' असं लिहिलेल्या छोट्या तारा असतात, त्याही त्यानुसार जोडाव्या लागतात. आज एका जातीच्या आठ ४५३२ गोळा करणं म्हणजे हौसेला मोल नाही, आणि मला तरी त्यात अर्थ दिसत नाही.

त्याऐवजी आठ ४१६४ घ्या, हा माझा पहिला सल्ला. ही पूर्ण ६४ केची निरोगी चिप, ४५३२ च्या सॉकेटमध्ये तशीच बसते. दोन्ही अर्धे चांगले असल्याने शेपटीची भानगड नाही आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिसळल्या तरी सहसा चालतं. त्या तारांपैकी मात्र कुठली तरी एक बाजू जोडलेली असावी लागते, जागा मोकळी सोडून चालत नाही. चिपवर नावापुढे १५ किंवा २० लिहिलेलं असेल तर वेग १५० किंवा २०० नॅनोसेकंद, दोन्ही चालतील. आकडा जितका लहान तितकी चिप वेगवान. खरेदी करताना आठ नव्हे, दहा घ्या. जुन्या चिप घासून नवं नाव छापून विकणारे आहेत, एखादी तरी नापास निघतेच.

यात अर्धी मेमरी नुसती पडून राहते याची काहींना रुखरुख लागते. काही हौशींनी जास्तीचं सर्किट जोडून तो अर्धाही वापरात आणलाय आणि ८० केचा स्पेक्ट्रम बनवलाय, पण त्यासाठी लिहिलेले प्रोग्राम शोधूनच काढावे लागतात. तशी पडून राहिलेली मेमरी ही त्या काळाची रीतच म्हणायची. १९८५ मध्ये स्पेनने ६४ के आणि त्याहून कमी मेमरीच्या, स्पॅनिश कीबोर्ड नसलेल्या आयात संगणकांवर कर लावला, तेव्हा तिथे ॲमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीचा ७२ केचा सीपीसी ४७२ हा संगणक विकायला आला. त्यातले वरचे ८ के मशीनला वापरताच येत नव्हते. ते फक्त कर चुकवण्यापुरते होते.

मेमरीच्या आठ चिपबरोबर त्यांचा प्रोसेसरशी व्यवहार सांभाळणाऱ्या चार साध्या लॉजिक चिपही लागतात: दोन ७४एलएस१५७, एक ७४एलएस३२, एक ७४एलएस००. हे अनेकजण विसरतात आणि मग आठ चिप लावूनही आकडा ३२७६७ च येतो म्हणून डोकं धरून बसतात. या चार स्वस्त आणि सामान्य आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत यादी घेऊन गेलात तर काम होण्यासारखं आहे. ४१६४ मात्र बाहेरूनच मागवावी लागेल असं धरून चाला.

तिसरा मार्ग नव्या मॉड्यूलचा. एका छोट्या बोर्डवर एकच स्टॅटिक रॅम असते आणि ती आठही चिपचं काम करते. वीज कमी खाते, त्यामुळे ७८०५ हा ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटरही कमी तापतो, आणि जुन्या चिपच्या नशिबावर काही सोपवावं लागत नाही. विकत घेताना दोन गोष्टी विचारा: तुमच्या इश्यूला चालतं का, आणि चार लॉजिक चिप वेगळ्या लागतात का. सॉकेट नसतील आणि सोल्डरिंगचा हात नसेल तर मी हाच मार्ग सुचवेन, पण तेव्हाही सॉकेट जाणकाराकडून लावून घ्या. त्या काळच्या बोर्डचे तांब्याचे मार्ग फाजील उष्णतेने सुटून येतात.

चौथा मार्ग म्हणजे मागच्या कनेक्टरला लावायचा बाहेरचा ३२ केचा रॅमपॅक. झाकण उघडायचंच नसेल तर ठीक. पण मागची एकमेव जागा अडते, धक्का लागला की काम जातं, आणि तो फक्त १६ के मशीनसाठीच असतो, ४८ केला लावायचा नाही. मशीन चालू असताना मागे काहीही लावू किंवा काढू नका. क्षणभर वाकडा बसला तरी शेजारशेजारचे संपर्क एकमेकांना भिडतात, आणि टीआर४ जाण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

बसवताना

नव्या चिपचे पाय थोडे बाहेर फाकलेले असतात. चिप आडवी धरून पायांची एक रांग टेबलावर हलकेच दाबा, मग दुसरी, म्हणजे पाय सरळ होतात. आधी पाण्याच्या नळाला किंवा अर्थिंग केलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, विशेषतः हिवाळ्यात. जुन्या सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या.

प्रत्येक चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. बोर्डवरच्या छापील खुणेकडे बघून ती त्याच दिशेला ठेवा. लॉजिक चिप आधी लावा, कारण मेमरी बसली की बोटांना जागा उरत नाही. १५७ च्या दोन चिप १६ पायांच्या असल्याने चुकून ३२ किंवा ०० च्या जागी जात नाहीत, पण ३२ आणि ०० दोन्ही १४ पायांच्या आहेत आणि एकमेकींच्या जागी मजेत बसतात. नंबर दोनदा वाचा. चिप दाबल्यावर बोर्ड आडवा धरून कडेने बघा. एखादा पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडला असेल तर वरून अजिबात दिसत नाही, कडेने लगेच दिसतो.

तपासणी

कीबोर्ड न लावता आधी पाच-दहा सेकंद चालू करा आणि बोट चिपवरून फिरवा. कोमट चालेल. एखादी हात लावू न देण्याइतकी तापली तर बंद करून ती बदला. पडद्यावर ओळ आली की बंद करून कीबोर्ड जोडा आणि वरचा पीकचा प्रयोग पुन्हा करा.

६५५३५ आलं तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, रॉमची तपासणी वरवरची असते. आधी 'क्लिअर ३२७६७' द्या, म्हणजे बेसिकचा स्वतःचा पसारा खालच्या मेमरीत येईल. मग दोन वेगळे फॉर-नेक्स्ट लूप लिहा: पहिला ३२७६८ ते ६५५३५ पर्यंत प्रत्येक पत्त्यावर एक आकडा पोक करणारा (म्हणजे तिथे लिहिणारा), दुसरा तेच पत्ते पीक करून वेगळं काही सापडलं तर पत्ता छापणारा. आकडे ०, २५५, ८५ आणि १७० असे आळीपाळीने घ्या. बेसिक सावकाश चालतं, प्रत्येक फेरीला काही मिनिटं जातील, तेवढ्यात चहा होतो.

६५५३५ न येता कमी आकडा आला, तर दोषी चिप शोधणं सोपं आहे. समजा ३२७६७ आला. ३२७६८ वर ० पोक करा आणि पीक करून बघा. उत्तर ० ऐवजी ८ आलं, तर चौथा बिट अडकलाय. प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते, म्हणून बिट १, २, ४, ८ असे मोजत आयसी १५ पासून पुढे या, म्हणजे चौथी, आयसी १८. फक्त तीच बदला. २५५ पोक करून २४७ आलं तरी दोषी तीच, कारण ८ कमी पडलेत. सगळेच बिट गडबडलेले दिसले तर मेमरीवर संशय घेण्याआधी लॉजिकच्या चार चिप आणि त्या तारा बघा.

आणि १२८ के?

१२८ केचा स्पेक्ट्रम प्रथम १९८५ मध्ये स्पेनमध्ये आणि १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये आला. झेड८० ला एकावेळी ६४ केच दिसतात, म्हणून त्यात १६ केचे आठ भाग करून ३२७६५ या पोर्टमधून हवा तो भाग वरच्या खिडकीत आणला जातो. शिवाय दुसरा रॉम, दुसरा पडदा आणि एवाय ध्वनी चिप. १२८ साठीच्या खेळांचं संगीत त्या चिपसाठीच लिहिलेलं आहे. ४८ च्या बोर्डमध्ये नुसती मेमरी कोंबून यातलं काही मिळत नाही. तुम्हाला १२८ चे खेळ खेळायचे असतील तर करड्या रंगाचा प्लस टू (१२८ केचंच नंतरचं स्पेक्ट्रम मॉडेल) घ्या, किंवा हार्लेक्विनसारखं नव्याने जुळवायचं बोर्ड घ्या. काळा प्लस टू ए आणि प्लस थ्री घेताना मात्र एक विचारून घ्या: त्यांचा मागचा कनेक्टर थोडा वेगळा आहे, त्यामुळे ४८ साठी घेतलेली जोडणी त्यावर चालेलच असं नाही.